नेम साधणारी 'साइट' निवडताना...

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी यांनी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक विजेतेपदे पटकावली. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळविले. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्यात येणार असल्याचेही एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. या खेळाविषयी शहरी पालकांचे कुतूहल वाढावे, यात नवल नाही.

मात्र धनुष्य घेतल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो तो नेम धरण्यासाठी त्यावर बसवायच्या 'साइट'चा. इंटरनेटवर शोध घेतला की समोर येतात त्यांतील बऱ्याच साइट्स अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी बनविलेल्या असतात. दिसायला त्या आकर्षक असल्या, तरी स्पर्धेच्या मैदानावर त्या उपयोगी पडतीलच असे नाही.

साइट नेमके काय करते?

धनुष्यातून सुटलेला बाण सरळ रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून तो खाली येऊ लागतो. सेकंदाला सुमारे ८५ मीटर वेगाने निघालेला बाण, हवेचा अवरोध हिशेबात न धरताही, २० मीटरवर सुमारे २७ सेंटिमीटर, तर ५० मीटरवर तब्बल १ मीटर ७० सेंटिमीटर खाली येतो. म्हणजेच अंतर बदलले की धनुष्य किती उचलायचे, हेही बदलते. हा हिशेब साइट सांभाळते.

शिकाऱ्याची गरज वेगळी

अमेरिकेत परवाना घेऊन धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. शिकाऱ्याला सावजाचे अंतर आधी ठाऊक नसते आणि पहाटे वा संध्याकाळी उजेडही अपुरा असतो. म्हणून त्याच्या साइटवर एकाखाली एक अशा तीन ते पाच पिना असतात. वरची २० यार्डांसाठी, तिच्याखालची ३०, त्याखालची ४० यार्डांसाठी. पिनेच्या टोकाशी उजेड आणणारा फायबर ऑप्टिक धागा असतो. दुसऱ्या प्रकारात एकच सरकती पिन असते. तीत डोळ्यांपुढे गर्दी होत नाही. पण अंतर बदलले की चाक फिरविण्यात वेळ जातो.

पिनेची जाडीही महत्त्वाची. ०.०१९ इंचाची पिन ५० मीटरवरील सुमारे पावणेतीन सेंटिमीटर भाग झाकते, तर ०.०२९ इंचाची चार सेंटिमीटरांहून अधिक. जाड पिन अंधूक उजेडात ठळक दिसते. मात्र लक्ष्य झाकून टाकते. शिकारीत नेम थोडा चुकला, तर जनावर जखमी होऊन पळून जाते आणि तडफडत मरते. त्यामुळे तेथील जबाबदार शिकारी साइटबाबत तडजोड करीत नाहीत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. त्या कायद्यातील 'शस्त्रा'च्या व्याख्येत धनुष्यबाणाचाही उल्लेख आहे. तेव्हा येथे साइटचा उपयोग लक्ष्यफलकापुरताच, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आधी प्रकार ठरवा

इंडियन राऊंडमधील बांबूच्या धनुष्यावर साइट नसतेच. ७० मीटरच्या रिकर्व्ह प्रकारात साइट चालते. परंतु तीत भिंग वा पाणसळ चालत नाही. ५० मीटरच्या कंपाउंडमध्ये भिंग, पाणसळ आणि दोरीत बसविलेले 'पीप' हे छिद्र या तिन्हींना मुभा आहे. बॅटरीवर उजळणारी पिन मात्र स्पर्धेत बाद ठरते. म्हणून पाल्य कोणता प्रकार खेळणार, हे प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय खरेदी करू नये.

काय पारखून घ्यावे?

पहिली कसोटी घट्टपणाची. साइट डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असते. ती एक मिलिमीटर जरी हलली, तरी ५० मीटरवर बाण साडेपाच सेंटिमीटर भरकटतो. कंपाउंडच्या फलकावर दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या अवघी चार सेंटिमीटर असते! साइट हातात धरून हलवून पाहावी. कुठेही खडखड जाणवली तर ती बाजूला ठेवावी.

दुसरी कसोटी सूक्ष्म फेरबदलाची. वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकविण्याची सोय स्वतंत्र हवी. वीस 'क्लिक' पुढे जाऊन वीस मागे आल्यावर काटा मूळ खुणेवरच यायला हवा.

तिसरी बाब पाणसळीची. कंपाउंड धनुष्य दोन अंशांनी कलले, तर ५० मीटरवर बाण सुमारे सहा सेंटिमीटर बाजूला जातो. त्यामुळे पाणसळ स्पष्ट दिसणारी आणि जुळवून घेता येणारी असावी.

भिंगाच्या बाबतीत मोह टाळावा. भिंग जितके शक्तिशाली, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो आणि नवखा खेळाडू गोंधळतो. सुरुवात सौम्य भिंगाने करणे बरे. साइट उजव्या हाताच्या खेळाडूची आहे की डावखुऱ्याची, हे तपासावे. सुटे स्क्रू आणि पिना येथे मिळतील का, याचीही खात्री करून घ्यावी.

वाढत्या वयाच्या मुलांना ताकदीनुसार धनुष्य बदलावे लागते. साइट बसविण्याची छिद्रे मात्र बहुतेक आधुनिक धनुष्यांवर ठराविक मापाचीच असल्याने चांगली साइट नव्या धनुष्यावरही चढविता येते; फक्त अंतराच्या खुणा नव्याने कराव्या लागतात. म्हणूनच खर्चाला मर्यादा असेल, तर पहिले धनुष्य साधे घ्यावे आणि चार पैसे साइटसाठी राखून ठेवावेत.