धुऱ्यावरचा शेर गॅलरीत येतो तेव्हा

वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावर शेराचे कुंपण दिसले तर कुणाला नवल वाटत नाही. जनावर त्याला तोंड लावत नाही, तो पाणी मागत नाही आणि तोडलेली फांदी मातीत खोचली की पावसाळ्यात धरते. शेर छाटणारा माणूस मान बाजूला वळवून कोयता मारतो आणि पोरांना तेवढा वेळ लांब ठेवतो. आता हाच शेर खामगावातल्या फ्लॅटच्या गॅलरीत ‘पेन्सिल कॅक्टस’ म्हणून येतो. झाड देखणे आहे, चिवट आहे आणि आपल्या हवेला मानवणारेही आहे. पण धुऱ्यावरची ती खबरदारी कुंडीबरोबर घरात आली नाही, म्हणून त्याबद्दल लिहायला हवे.

शेर हा कॅक्टस नाही. तो युफोर्बिया या प्रजातीतला. जगभर तिच्या सुमारे २,००० जाती आहेत. आपला वई निवडुंग, त्रिधारी निवडुंग, लाल-गुलाबी फुलांचा काटेरी युफोर्बिया मिली आणि नाताळच्या सुमारास दुकानांत दिसणारा पॉइन्सेटिया हे सारे तिच्यातलेच. एरंड आणि जमालगोटा त्याच मोठ्या कुळातले. कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले, तर मांसल युफोर्बिया मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करमधले. दोघांनाही कोरड्या प्रदेशात तगायचे होते. पाने गळाली, खोड हिरवे आणि फुगीर झाले, काटे आले आणि नात्याने दूरची ही झाडे दिसायला जवळ आली. ओळखायची खूण साधी: जखम झाली की युफोर्बियातून पांढरा चीक वाहतो, बहुतेक कॅक्टसमधून पाण्यासारखा रस येतो. ही परीक्षा घ्यायला झाड मुद्दाम टोचू मात्र नका.

हा चीक झाडाच्या अंगात बारीक नलिकांमधून दाबाखाली भरलेला असतो. म्हणून फांदी मोडताच तो नुसता पाझरत नाही, कधी कधी उडतो. जखमेवर सुकून तो तिचे तोंड बंद करतो आणि खायला आलेल्याचे तोंड भाजतो. भाजण्याचे काम करतात त्यातली डायटर्पीन एस्टर नावाची रसायने. आपल्या पेशींमध्ये दाह सुरू करणारे प्रोटीन कायनेज सी नावाचे एक विकर असते. शेराच्या चिकातली काही रसायने त्या विकराचा नैसर्गिक संदेशवाहक असल्याची बतावणी करतात आणि त्याला चालू करून ठेवतात. मोरोक्कोतल्या एका युफोर्बियात तर रेझिनिफेराटॉक्सिन आहे. मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या ज्या ग्राहीला चेतवते, त्याच ग्राहीला ते कित्येक पटींनी जोरात चेतवते. ती ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल मिळाले.

त्वचेवर चीक पडला तर काही तासांनी लाली, आग, क्वचित फोड येतात. खरा धोका डोळ्याला. चीक डोळ्यात गेला की लगेच चरचरते आणि पाणी वाहते. मग थोडे बरे वाटू शकते, आणि इथेच घात होतो. माणूस झोपून घेतो आणि काही तासांनी बुबुळाच्या पारदर्शक पटलाला सूज येते, दिसणे धूसर होते, उजेड सोसवत नाही. वेळेत उपचार झाले तर बहुतेक डोळे आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत होतात. दुर्लक्ष झाले तर जंतुसंसर्ग होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते. म्हणून चीक गेल्या क्षणी डोळा उघडा धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा. लेन्स असेल तर काढावी. डोळा चोळू नये. तूप, गुलाबपाणी, औषधाच्या दुकानातून मनाने आणलेले थेंब, काही घालू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि झाडाचा फोटो सोबत न्यावा, कारण कोणत्या झाडाचा चीक आहे हे कळले की डॉक्टर पुढचे काही दिवस डोळ्यावर नीट लक्ष ठेवतात.

सगळ्या युफोर्बियांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे आहे. पॉइन्सेटिया जीवघेणा असल्याची समजूत फार पसरली आहे. प्रत्यक्षात त्याचा चीक सौम्य आहे. शेर आणि निवडुंग यांच्याशी मात्र जपूनच वागावे.

आता आपल्या हवेचे. उन्हाळ्यात इथला पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि शेर त्यातही टिकतो. त्याचे खोड रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि दिवसा ती मिटून पाणी राखते. तो मरतो तो बहुधा प्रेमाने, म्हणजे जास्त पाण्याने. कपाशीची आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत युफोर्बियाला घातक. ती पाणी धरून फुगते, मुळांची हवा कोंडते आणि मग बुडखा मऊ पडून सडतो. तिच्याऐवजी निम्म्याच्या आसपास जाड वाळू किंवा विटांचा चुरा, थोडा पोयटा, थोडे मुरलेले शेणखत घ्या. कुंडी मातीची आणि तळाला भोक असलेली बरी. वरची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घाला. पावसाळ्यात कुंडी वळचणीला ओढा आणि हिवाळ्यात हात आणखी आखडता घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी बोअरच्या खाऱ्या पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. मातीवर पांढरी पापुद्री धरू लागली की क्षार साचत आहेत असे समजावे. घरातले झाड मे महिन्यात एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, खोड करपते. कूलरच्या ओल्या झोतासमोरही ते नको. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण इथेही येतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो टिपून घ्या.

छाटणी हाच सगळ्यांत जोखमीचा क्षण. रबरी हातमोजे, लांब बाह्या आणि डोळ्यांवर चष्मा. साधा चष्मा पुरेसा नाही, बाजू झाकणारा हवा. झाड डोळ्यांच्या पातळीखाली ठेवून कापा, डोक्यावरची फांदी ओढू नका. कापलेल्या जागी गार पाणी शिंपडले की चीक लवकर थांबतो. हाताला लागलाच तर आधी कोरड्या कागदाने टिपा, मग साबण लावून धुवा. नुसत्या पाण्याने हा चिकट द्रव निघत नाही. कात्रीही धुवा, कारण तिच्यावरचा चीक दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बोटांवरून डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. लावायची कांडी आठवडाभर सावलीत सुकू द्या, कापलेले तोंड बंद झाले की वाळूत रोवा. नको असलेल्या फांद्या जाळू नका, त्यांच्या धुरानेही डोळे आणि घसा भाजतो. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

दाढदुखीवर, चामखिळीवर किंवा कानात हा चीक घालण्याचे घरगुती उपाय अजून सांगितले जातात. ते सोडा. आयुर्वेदात भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्राच्या धाग्याला वई निवडुंगाच्या चिकाचे थर देतात हे खरे आहे. पण तो धागा ठरलेल्या कृतीने तयार होतो आणि प्रशिक्षित वैद्य तो बांधतात. कुंडीतल्या फांदीचा थेंब म्हणजे ते औषध नव्हे.

रांगते मूल किंवा कुत्रा घरात असेल तर शेराची कुंडी जमिनीवर नको, आणि ती ओढून अंगावर पडेल अशा डगमगत्या स्टँडवरही नको. खिडकीच्या रुंद, पक्क्या कट्ट्यावर, गजांच्या आत, भरपूर उजेडात ती ठेवावी. आणि नर्सरीतून आणल्यावर एका चिठ्ठीवर ‘शेर’ हे नाव आपल्या हाताने लिहून ती कुंडीत खोचावी, म्हणजे पाणी घालायला येणाऱ्या मावशींना आणि सुटीत आलेल्या भाचरांना फांदी मोडू नये हे सांगताना झाडाची ओळख पटेल.