लाळेची चाचणी आणि लोकांचा विश्वास

संसर्गजन्य रोगाला आळा घालावयाचा तर बाधित व्यक्ती वेळीच ओळखणे अगत्याचे असते. परंतु चाचणीची सोय केली म्हणजे लोक आपण होऊन पुढे येतातच, असे नाही. २०२० मधील कोरोनाच्या साथीत हा अनुभव अनेक ठिकाणी आला. नाकात व घशात काडी घालून नमुना घेण्याची पद्धत त्रासदायक होती आणि त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारीही लागत.

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, यावर सोपा मार्ग शोधला. मिठाच्या पाण्याने गुळण्या करून ते पाणी व्यक्तीने स्वतःच नळीत थुंकावयाचे, एवढेच काम. प्रयोगशाळेत विशिष्ट द्रावण मिसळून व तापवून या नमुन्यातील विषाणूचा शोध घेतला जातो. सुमारे तीन तासांत निष्कर्ष देणाऱ्या या पद्धतीस भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिली.

ही सुलभता लोकांच्या किती पचनी पडते, हे त्याच वर्षी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे दिसून आले. तेथे चाचणीचा संच दुकानांतून विनामूल्य मिळे. घरी गुळणी करून नमुना दुकानात किंवा पेट्रोल पंपावर ठेवावयाचा आणि साधारणतः चोवीस तासांत अहवाल मिळवावयाचा, अशी व्यवस्था होती. असा अहवाल काही काळ उपाहारगृहातील प्रवेशासाठीही उपयोगी पडे. त्यामुळे चाचणी हा अनेकांच्या नित्यक्रमाचाच भाग झाला. साथ ओसरल्यावर, जून २०२३ अखेर, ही योजना बंद झाली.

तथापि, वेदना टळली म्हणून भीती टळत नाही. चाचणीत रोग आढळला तर मजुरी बुडेल, शेजारी बोट दाखवतील, ही धास्ती काडीच्या त्रासापेक्षा मोठी असते. साथीच्या काळात रुग्णांच्या दारांवर सूचनापत्रके लावली गेली. सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशाखेरीज अशी पत्रके लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले. रुग्णाची ओळख उघड होणार नाही, ही खात्री चाचणीइतकीच महत्त्वाची आहे, हेच यातून ध्यानी येते.

ग्रामपंचायतींचे सदस्य आणि शिक्षक यांचे कार्य येथेच सुरू होते. नमुना कशासाठी घेतला जातो, अहवाल कोणास कळेल आणि रोग आढळल्यास कुटुंबाला कोणते साहाय्य मिळेल, हे चाचणीपूर्वीच सांगितले पाहिजे. प्रत्येक रोगाचा नमुना वेगळा असतो, हेही समजावून द्यावे. फुप्फुसाच्या क्षयरोगाची 'थुंकी तपासणी' म्हणजे लाळेची तपासणी नव्हे. तिला छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. केवळ लाळ दिल्यास रोग असूनही तो न आढळण्याचा संभव असतो.

नमुना देणे सोपे करण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले आहे. तो निर्धास्तपणे देता येईल असे वातावरण निर्माण करणे मात्र गावाच्याच हाती आहे.