त्याच रात्रीची पुढची गोष्ट

‘हॅलोविन’ हा भयपट १९७८ साली बनला तो जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांनी गोष्ट रचली इलिनॉयमधल्या हॅडनफिल्ड या काल्पनिक गावाची, पण चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. मग गोष्टीतली पानगळ दाखवायला पानं रंगवायची, रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा वापरायची. खुनी मायकल मायर्सचा मुखवटासुद्धा दुकानातून आणलेला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या रबरी चेहऱ्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि काम भागवलं.

दुसरा भाग १९८१मध्ये आला, २५ लाख डॉलर खर्चून. लेखन कार्पेंटर-हिल यांचंच, छायालेखक तेच डीन कंडी. दिग्दर्शक मात्र नवा, रिक रोझेन्थाल. पहिला भाग संपतो त्याच रात्री हा सुरू होतो. पहिल्या भागाची नायिका लॉरी जखमी होऊन इस्पितळात आणि मायकल तिच्या मागावर. हा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का, हे बघायला एक सोपी वाट आहे. दोन्हीकडे एक युक्ती जवळजवळ तशीच्या तशी वापरली आहे. ती शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिल्या भागात मैत्रिणींची प्रेतं पाहून लॉरी भिंतीला टेकून रडते आहे. बाजूला दाराची काळी चौकट. काहीच घडत नाही. मग त्या काळोखात काहीतरी फिकट दिसू लागतं, अंधाराला डोळे सरावले की वस्तू दिसाव्यात तसं. तो मुखवटा असतो. कंडींनी त्या चेहऱ्यावर एक बारीक दिवा लावून त्याचा उजेड हळूहळू वाढवला होता. म्हणजे मायकल तिथे आत्ता आलेला नाही. तो केव्हाचा उभा होता, आपल्यालाच दिसला नव्हता. या जाणिवेनंच पोटात खड्डा पडतो. पुढचा चाकूचा वार त्यामानानं किरकोळ वाटतो.

दुसऱ्या भागात नर्स जॅनेटला डॉक्टर मेलेला सापडतो. ती मागे सरकते आणि तिच्यामागच्या काळोखातून तोच मुखवटा उमटतो. इथवर जमलंय. पण यानंतर कॅमेरा जवळ जातो आणि तिच्या कानशिलात शिरणारी सुई दाखवतो. भीतीची जागा शिसारी घेते. शिसारी सुईबरोबर संपते. भीती मात्र सिनेमा संपल्यावर घरातल्या अंधाऱ्या दारापर्यंत सोबत येते.

सुई अशी दाखवण्याला कारण आहे. १९८०च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’नं प्रेक्षकाला रक्ताची सवय लावली होती. रोझेन्थालची प्रत मिळमिळीत वाटली म्हणून कार्पेंटरनं स्वतः काही जास्त हिंसक प्रसंग चित्रित करून जोडले. पहिल्या भागात पडद्यावर रक्त फारसं नाही, हे बऱ्याच जणांना आठवतच नाही.

मोठी चूक वेगळीच आहे. दुसऱ्या भागात कळतं की लॉरी ही मायकलची बहीण. पहिल्या भागात त्याला काहीच कारण नव्हतं. ती त्याच्या ओसाड घराच्या दाराशी किल्ली ठेवायला गेली आणि त्याच्या नजरेस पडली, एवढंच. म्हणजे तिच्या जागी कुणीही असू शकलं असतं. नातं जोडलं आणि बाकीचे सगळे सुटले, प्रेक्षकसुद्धा. २०१८च्या ‘हॅलोविन’नं हे नातं सरळ पुसून टाकलं, ते योग्यच झालं.

संगीताचंही तसंच. मूळ धून झपतालासारखी दहाच्या आवर्तनाची, पण तिची विभागणी तीन-तीन-दोन-दोन. त्यामुळे पाय कुठेच नीट पडत नाही. दुसऱ्या भागात तीच धून पियानोऐवजी सिंथेसायझरवर, ऑर्गनसारख्या जाड स्वरात येते. मला ती आवडते, पण पियानोचा कोरडेपणा त्यात उरत नाही.

तरीही हा भाग टाकाऊ नाही. सुरुवातीला एक म्हातारी स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी सँडविच करते आहे, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू आहे, आणि तिची पाठ वळताच मायकल चाकू उचलून नेतो. तिला तो काहीच करत नाही. हा प्रसंग पहिल्या सिनेमात सहज शोभला असता. इस्पितळाचे लांब, रिकामे बोळही कंडींनी अप्रतिम टिपलेत.

माझ्या मते दुसरा भाग मूळ सिनेमाच्या तोडीचा नाही, पण त्याच्या इतर बहुतेक भागांपेक्षा सरस आहे. पाहायचाच तर दोन्ही एकाच रात्री, लागोपाठ पाहा. पहिल्याच्या शेवटी येणाऱ्या रिकाम्या खोल्या आणि त्यावरचा तो श्वासाचा आवाज कानात असतानाच दुसरा सुरू करा.