अभंग चुकला, तर सावलीत न्या

आषाढी वारीत आरोग्य पथकाची ड्युटी लागली की भक्ती असो नसो, अभंग पाठ होतात. पहाटेपासून तेच कानावर असतात. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की या वाटेवरच्या कवितेत झाडं फार आहेत.

आळंदी ते पंढरपूर ही साधारण अडीचशे किलोमीटरची पायवाट. निघतानाच समाधीजवळ अजानवृक्ष भेटतो. त्याची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठाला लागली आणि ती काढायला एकनाथ आळंदीला आले, ही कथा एकनाथांच्या नावावरच्या अभंगातून आपल्यापर्यंत आली. इकडे देहूजवळ, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांनी वृक्षवल्लींशी सोयरीक जोडली. (दर ५ जूनला हा अभंग फलकावर झळकतो. एका वर्षी असा फलक कडुलिंबाच्या खोडाला खिळे ठोकून लावलेला मी पाहिला.) ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात तर झाड तोडणाऱ्याला आणि लावणाऱ्याला सारखीच सावली देतं. तिथे सांगायचं आहे ते समत्व. पण उन्हातून चालून आलेल्या माणसालाच असा दृष्टान्त सुचावा, असं मला आपलं वाटतं.

सावली नेमकं काय करते? पेपरात छापलेलं तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला वरून थेट ऊन आणि खालून तापलेल्या डांबराची धग. पाऊस लांबला असेल तर हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मोठ्या वडाखाली हवेचं तापमान फार उतरत नाही, पण अंगावरचं ऊन तुटतं. शरीराला तेवढी उसंत पुरते. वारीतले बरेच जण साठीच्या पुढचे, त्यात अनेकांना रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू. त्यांना ही उसंत वारंवार लागते.

गाण्याचाही इथे उपयोग आहे. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम समजावेत, अशी व्यायामशास्त्रातली साधी चाचणी आहे. गाता येतंय म्हणजे श्रम हलके. दिंडी गात चालते, त्यामुळे वेग आपोआप आवरला जातो.

एका वर्षी लोणंद आणि तरडगावच्या मध्ये आमचं पथक होतं. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं तो चांदोबाचा लिंब याच टप्प्यावर; ठिकाणाच्या नावातच झाड. दुपारी दोघी बायका तिसरीला धरून आल्या. बरोबरची म्हणाली, “डाक्टर, हिचा अभंग चुकाया लागलाय. चाळीस वर्सं कधी चुकली न्हाई.”

इतका नेमका इतिहास आम्हाला वॉर्डातही क्वचित मिळतो. उष्माघातात मेंदू आधी गडबडतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, पाठ असलेलं विसरतो. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नये. चालून श्रमलेल्या माणसाला घाम असू शकतो. आजींचा ताप ४० अंशांच्या वर होता. आम्ही अंगावर पाणी ओतलं, ओल्या चादरीने वारा घातला, ॲम्ब्युलन्स मागवली. आधी अंग थंड करायचं, मग हलवायचं. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. नुसता थकवा असेल, माणूस नीट बोलत असेल, तर सावलीत बसवून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावं. अभंग चुकत असेल, चाल अडखळत असेल तर थेट १०८.

पण हे सगळं आम्ही केलं कुठे? दिंडीच्या ट्रकच्या सावलीत. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. रुंद रस्त्याने अपघात कमी होत असतील तर मला तेही हवंच आहे. नवी रोपं लावली जातात हेही खरं. पण कमरेएवढ्या रोपाची सावली माणसावर पडायला वर्षं जावी लागतात आणि माझी रुग्ण सत्तरीची होती.

आजी वाचल्या. ॲम्ब्युलन्स गेल्यावर बरोबरची बाई तिथेच थांबली. दरसाल त्या दोघी तिथल्या एका आंब्याखाली भाकरी सोडायच्या म्हणे. मी विचारलं, कुठे होता आंबा? तिने हात केला, तिथून एक टँकर भरधाव गेला.