अंदमानची लहान बेटे आणि बोटीचे भाडे

अंदमान हा शब्द मराठी घरात उच्चारला, की प्रथम डोळ्यांपुढे येते ते काळे पाणी. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना मद्रासेहून ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने तिकडे नेण्यात आले, आणि त्या समुद्राशी आपले नाते दुःखाचे व अभिमानाचे जडले. आज त्याच समुद्रावर आपली मंडळी हौसेने जातात. सेल्युलर जेलपुढे मस्तक नमवून झाले, की त्यांची पावले धक्क्याकडे वळतात. कारण पांढऱ्या वाळूचे किनारे आणि तळ दिसावा असे नितळ पाणी पाहावयाचे, तर शहराच्या पलीकडील लहान बेटे गाठली पाहिजेत, आणि सामान्य प्रवाशाला तेथे नेणारी एकच वाट आहे, ती बोटीची.

अशा वेळी गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो, तो ‘भाडे किती?’ हा. प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. समुद्रावरील प्रवासाचे मोल तीन प्रकारच्या नाण्यांत चुकवावे लागते : पैसा, दिवस आणि दगदग. एक नाणे खिशात कमी असेल, तर दुसरे अधिक मोजावे लागते. आपल्यापाशी कोणते नाणे विपुल आहे आणि कोणते तुटपुंजे, हे ज्याने घरीच ठरविले, त्याचा प्रवास सुखाचा होतो.

प्रथम ठिकाणांची ओळख करून घेऊ. बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेल्या या द्वीपमालेत मनुष्यवस्तीची बेटे सुमारे तीसच आहेत. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. त्याचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम असे झाले. ईशान्येला हॅवलॉक आणि त्याच्या दक्षिणेस नील ही दोन बेटे आहेत. त्यांना डिसेंबर २०१८ मध्ये अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावे मिळाली. परंतु जुनी नावे लोकांच्या तोंडी अद्याप आहेत, म्हणून येथेही तीच वापरतो. दूर दक्षिणेला लिटल अंदमान आहे. निकोबारची बेटे मात्र आदिवासींच्या रक्षणासाठी राखीव असल्याने साध्या पर्यटकाला बंद आहेत.

मुख्य शहरापर्यंत जाण्याचे मार्ग दोन. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचविते. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणम येथून सरकारी जहाजाने निघाल्यास सुमारे तीन दिवस लागतात. जहाजावर बंकपासून खास केबिनपर्यंत वर्ग असतात. बंक म्हणजे मोठ्या दालनात एकावर एक रचलेले बिछाने. भाडे थोडे, पण एकांत नाही. जहाजे महिन्यातून मोजकीच सुटतात, आणि त्यांच्या तारखा फार आधी ठरत नाहीत. तेव्हा ज्याची रजा दिवसांनी बांधलेली आहे, त्याने या मार्गाचा मोह टाळावा. दोन्ही बाजूंनी जहाज धरले, तर सहा दिवस पाण्यावरच जातात, आणि सुटण्याच्या तारखेची वाट पाहण्यात आणखी किती जातील, ते वेगळेच. परंतु ज्याला घाई नाही, त्याला समुद्राचे विशालपण या प्रवासात जसे उमगते, तसे विमानाच्या खिडकीतून उमगणार नाही.

आता लहान बेटांकडे वळू. हॅवलॉक व नील येथे दोन प्रकारच्या बोटी जातात. सरकारच्या नौवहन सेवा संचालनालयाच्या बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात, खाजगी कंपन्यांच्या वेगवान बोटी हॅडो धक्क्यावरून. खाजगी बोट हॅवलॉकला सुमारे दीड तासात पोचते. सरकारी बोटीला अडीच तास किंवा थोडे अधिक लागतात. सरकारी बोटीचे भाडे शेकड्यांत मोजावे, तर खाजगीचे हजारांत. खाजगी बोटीत क्रमांकाची गादीची खुर्ची आणि थंड हवा मिळते. पण बहुतेक बोटींत उतारूला काचेआड बसून राहावे लागते. सरकारी बोटीत डेकवर उभे राहता येते, वारा अंगावर घेता येतो, आणि शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईशी चार शब्द बोलता येतात.

ही भाजीची टोपली महत्त्वाची आहे. सरकारी बोट स्वस्त का, याचे उत्तर तिच्यात आहे. हॅवलॉक व नील येथील बहुसंख्य रहिवासी म्हणजे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन येथे वसविलेल्या निर्वासितांचे वंशज. त्यांच्या गावांना गोविंदनगर, राधानगर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी नावे आहेत. या लोकांना गंभीर दुखण्यावर मोठ्या रुग्णालयात जावयाचे, तर बोट. वरच्या शिक्षणासाठी मुलाला धाडावयाचे, तर बोट. नीलची भाजी शहराच्या बाजारात न्यावयाची, तरीही बोटच. आपल्या गावाला जशी एस.टी. तशी त्यांना ही बोट. म्हणून सरकार तोटा सोसून ती चालविते आणि बेटवासीयांना भाड्यात सवलत देते. आपण त्या बोटीने जावे, अवश्य जावे. परंतु जागा न मिळाल्यास खिडकीवरील कारकुनाशी वाद घालण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे, की आपली सहल आठवड्याने लांबली तरी चालते, पण आजाऱ्याचे जाणे लांबत नाही.

आता तीन प्रकारचे प्रवासी कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. पहिले एक कुटुंब : दोन मुले, बरोबर आजी, आणि रजा अवघी पाच-सहा दिवसांची. यांच्यापाशी पैसा बेताचा असला, तरी दिवस त्याहून बेताचे. यांनी विमानाने जावे आणि लहान बेटांसाठी खाजगी बोटीचे तिकीट घरूनच काढावे. येथे वाचविलेले दोन हजार रुपये बुडालेल्या एका दिवसाने सहज गिळले जातात.

दुसरा प्रवासी विद्यार्थी किंवा तरुण शिक्षक : सुटी लांब, खिसा हलका. त्याने सरकारी बोट धरावी. तिकिटे प्रवासाच्या काही दिवस आधी विक्रीस निघतात आणि हंगामात लवकर संपतात. ओळखपत्र जवळ हवेच. त्याच्या हाती वेळ असेल, तर त्याने लिटल अंदमानचा विचार करावा. हट बे या तेथील बंदराला पोचावयास सरकारी बोटीने सात-आठ तास लागतात. तेथे गर्दी कमी, सोयीही कमी. बेटाचा काही भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव आहे, तिकडे फिरकू नये.

तिसरे म्हणजे मध्यम मार्गाचे जोडपे. त्यांनी एका बाजूने खाजगी व दुसऱ्या बाजूने सरकारी बोट घ्यावी. शहराहून हॅवलॉक, हॅवलॉकहून सुमारे तासाभरात नील, आणि नीलहून परत शहर, असा त्रिकोण केला, की एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. ज्यांना बोट लागते, त्यांनी मधल्या भागात, शक्य तितके खाली बसावे आणि दृष्टी क्षितिजावर ठेवावी. वेगवान बोट खवळलेल्या पाण्यात बरीच आदळते.

एक गोष्ट मात्र तिघांनाही सारखीच लागू आहे. समुद्र कोणाचेही तिकीट पाहत नाही. अंदमानात पावसाळा केरळच्याही आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात येतो, आणि तो सरल्यावरही डिसेंबरपर्यंत चक्रीवादळांचे भय असते. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेने बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना आणण्यासाठी नौदलाला जहाजे पाठवावी लागली. त्यात महाग तिकिटाचे उतारू होते आणि स्वस्त तिकिटाचेही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तरी मुख्य शहरी परत आलेच पाहिजे, असा नियम करावा. हा एक राखीव दिवस चैनीचा नव्हे. तो प्रवासाच्या भाड्याचाच भाग आहे.

शेवटचा मुद्दा काटकसरीच्या मर्यादेचा. पैसा, दिवस आणि दगदग यांची अदलाबदल खुशाल करावी. सुरक्षिततेची करू नये. २६ जानेवारी २०१४ रोजी शहराजवळच्या समुद्रात पर्यटकांची एक लहान बोट बुडाली आणि एकवीस जीव गेले. तीत मर्यादेहून कितीतरी अधिक माणसे घेतलेली होती. आपल्या किनाऱ्याला हे दुःख परके नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, तेव्हा सहाशेहून अधिक माणसे दगावली. ते दिवस आठवणारी कुटुंबे रायगड जिल्ह्यात अद्याप आहेत. तेव्हा बोट सरकारी असो वा खाजगी, मोठी असो वा दहा मिनिटांच्या पल्ल्याची, पाय ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या : किती माणसे चढली आहेत आणि प्रत्येकाला तरंगजाकीट आहे की नाही. बोट भरून वाहत असेल, तर पैसे परत मिळोत वा न मिळोत, धक्क्यावरच राहावे.

या दोन गोष्टी पाहून झाल्या आणि राखीव दिवस हाताशी ठेवला, की मग महाग बोट कोणती आणि स्वस्त कोणती, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या खिशाला विचारून करावा. हॅवलॉकच्या धक्क्यावर उतरल्यानंतर पाण्याचा निळा रंग सर्वांना सारखाच दिसतो.