मोटारसायकल घेताना : किंमत एका दिवसाची, देखभाल पाच वर्षांची



आपल्या भागातली पारगाव नावाची दोन गावे घ्या. एक जुन्नर तालुक्यातले पारगाव तर्फे आळे आणि दुसरे आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे पारगाव. दोन्ही गावांत हिंडताना एक गोष्ट सारखी दिसते. दावणीला बैल असो वा नसो, दारात मोटारसायकल असतेच. सकाळी डेअरीला दूध, दुपारी रानात औषधाचा डबा, संध्याकाळी नारायणगावची नाहीतर मंचरची फेरी. गाडी एक दिवस बंद पडली तर दुधाची वेळ चुकते. रात्री उसाच्या रस्त्यावर बंद पडली तर बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून गाडी ढकलावी लागते. तेव्हा गाडी ही आता चैन राहिलेली नाही, ते शेतीचे अवजारच आहे. म्हणून आज पिकाऐवजी या अवजाराविषयी चार गोष्टी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात कांद्याच्या चाळी पाहायला गेलो असताना एक शेतकरी भेटले. गाडी घेऊन सव्वा वर्ष झालेले, आणि इंजिनातून खडखड आवाज येत होता. पाच वर्षांची वॉरंटी आहे म्हणून ते निर्धास्तपणे गाडी घेऊन शोरूमला गेले. तिथे माणसाने आधी सर्व्हिसिंगची पुस्तिका मागितली. पहिल्या दोन कुपनांवर शिक्के होते, तिसऱ्या-चौथ्याची जागा कोरी. ती सर्व्हिसिंग कांदा काढणीच्या गडबडीत राहून गेली होती. इंजिनातले ऑईल तळाला गेलेले होते. वॉरंटी नाकारली गेली आणि इंजिनाचे काम पदरच्या पैशाने करावे लागले.

ते मला म्हणाले, "साहेब, सर्व्हिसिंग फुकट होती. मी नाही केली तर माझंच नुकसान. त्यात कंपनीचं काय गेलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि गावोगाव हाच गैरसमज आहे. फुकट सर्व्हिसिंग ही नुसती सवलत नसते, ती वॉरंटीची अट असते. ठरल्या वेळी सर्व्हिसिंग केली आणि पुस्तिकेत शिक्का पडला, तरच वॉरंटी उभी राहते. बियाण्याचेच पाहा ना. उगवण झाली नाही तर आपण तक्रार करतो, पण पावती, पिशवी आणि टॅग जपून ठेवला असेल तरच ती तक्रार टिकते. गाडीच्या बाबतीत पुस्तिका हाच तुमचा टॅग.

वॉरंटी, विमा आणि सर्व्हिसिंग

या तीन गोष्टींची गल्लत करू नका.

कारखान्यातूनच एखादा भाग सदोष आला असेल तर तो बदलून किंवा दुरुस्त करून देण्याची हमी म्हणजे वॉरंटी. अपघात, चोरी, पुरात बुडणे यांचा तिच्याशी संबंध नाही, ते विम्याचे काम. विम्यातही दोन भाग आहेत. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारा 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो आणि तो वेगळा घ्यावा लागतो. पाच वर्षांचा विमा आहे असे समजून पुष्कळ जण दुसऱ्या वर्षी हा दुसरा भाग विसरतात, आणि गाडी चोरीला गेल्यावर हात हलवत परत येतात.

राहिली ती झीज. चेन, ब्रेक लायनर, क्लच प्लेटा, प्लग, फिल्टर, ऑईल हे वापराने झिजणारे भाग. ते साधारणपणे ना वॉरंटीत बसतात ना विम्यात. त्यांचा खर्च मालकाचा. टायर आणि बॅटरी यांची हमी त्या-त्या बनविणाऱ्या कंपनीची असते, मुदतही निराळी असते. त्यांची कार्डे वेगळी मागून घ्या.

"दिवस किंवा किलोमीटर, जे आधी पुरे होईल ते"

पुस्तिकेतले हे एक वाक्य नीट समजून घ्या. समजा वॉरंटी पाच वर्षे किंवा ७०,००० किलोमीटर आहे. रोज ३० किलोमीटर गाडी फिरवणाऱ्याचे वर्षाला सुमारे ११,००० किलोमीटर होतात. त्याला वॉरंटी पूर्ण पाच वर्षे मिळेल. पण दुधाच्या किटल्या घेऊन रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्या गवळीदादाचे ७०,००० किलोमीटर सव्वातीन वर्षांतच पुरे होतात. त्याने वर्षांपेक्षा किलोमीटरची मर्यादा जास्त असलेली गाडी पाहावी.

सर्व्हिसिंगलाही हाच नियम. समजा कुपनावर १०० दिवस किंवा ३,००० किलोमीटर लिहिले आहे. गवळीदादाचे किलोमीटर पन्नास दिवसांत भरतात, तो शंभर दिवसांची वाट पाहत बसला तर चुकला. उलट, ज्याची गाडी फक्त घर ते मळा एवढीच चालते त्याचे हजार किलोमीटरही होत नाहीत, आणि "अजून कुठं गाडी फिरलीय" म्हणता म्हणता शंभर दिवस उलटून जातात. दोघांचेही कुपन वाया जाते.

यावर सोपा उपाय सांगतो. गाडी घेतली त्याच दिवशी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सर्व्हिसिंगच्या तारखा लाल शाईने लिहा. एखादी तारीख ऐन कांदा काढणीत किंवा टोमॅटोच्या तोड्यात येत असेल, तर कुपनाची मुदत कधी सुरू होते ते पाहून काम सुरू होण्याआधीच गाडी नेऊन आणा. पहिली सर्व्हिसिंग तर अजिबात चुकवू नका. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि त्यांचा बारीक कीस ऑईलमध्ये उतरतो. ते ऑईल काढून टाकणे हे पहिल्या सर्व्हिसिंगचे मुख्य काम.

पाच वर्षांचा हिशेब

फुकट सर्व्हिसिंगमध्ये फुकट असते ती मजुरी. ऑईल आणि बदललेल्या भागांचे पैसे द्यावेच लागतात. खालचे आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या शोरूमचे खरे दर विचारून त्या जागी घाला.

पहिल्या वर्षी पाच वेळा ऑईल, दर खेपेस ४०० रुपये धरले तर २,००० रुपये. दुसऱ्या वर्षापासून वर्षाला चार सर्व्हिसिंग. एका खेपेस ऑईल ४०० आणि मजुरी ४००, मजुरीवर १८ टक्के जीएसटी ७२, मिळून ८७२ रुपये. चार वर्षांच्या सोळा खेपांचे झाले सुमारे १४,०००. म्हणजे नुसत्या सर्व्हिसिंगचे १६,००० रुपये.

आता झीज. पाच वर्षांत ५५,००० किलोमीटर धरू. चेनसेट दोनदा ३,०००, टायर ५,०००, बॅटरी १,५००, ब्रेक लायनर १,५००, क्लच प्लेटा १,५००, एअर फिल्टर १,००० आणि प्लग ५००. एकूण १४,०००.

दोन्ही मिळून ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. कर्जाच्या हप्त्याबरोबर हे पाचशे रुपये बाजूला काढता येतील का, ते गाडी घेण्याआधी पाहा.

"मग सर्व्हिसिंग टाळली तर तेवढे वाचले," असे कोणी म्हणेल. त्याचाही हिशेब करू. लीटरला ५५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ५५,००० किलोमीटरसाठी १,००० लीटर पेट्रोल लागते. देखभाल न केल्याने तीच गाडी ५० वर आली तर १,१०० लीटर लागेल. जादा शंभर लीटरला, लीटरचे १०० रुपये धरले तरी, १०,००० रुपये गेले. म्हणजे वाचवलेल्या पैशांतले बरेच पंपावर गेले आणि वॉरंटीही हातची गेली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ७०,००० रुपये किंमत असलेल्या गाडीमागे यात ७,००० रुपयांचा फरक पडतो. वरच्या हिशेबाने ही चौदा महिन्यांची देखभाल झाली. ती रक्कम चकाकत्या गार्डात आणि सीटच्या कव्हरात घालवू नका.

गावाकडे वॉरंटी कशाने जाते?

जुन्या माणसांना लूना आठवत असेल. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने ती आणली. प्लग काढून घासला, कार्बोरेटर फुंकला की चालू. १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ गाड्यांचे तसे नाही. यांतल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असतो आणि पेट्रोल किती सोडायचे ते सेन्सरच्या मदतीने विजेवर ठरते. दोष शोधायला यंत्र जोडावे लागते. म्हणून वॉरंटीच्या काळात पुढील गोष्टी टाळा.

१. जादा हॉर्न, दिवे, मोबाईल चार्जर यांसाठी मूळ वायर कापून जोड देणे. पुढे विजेचा काही बिघाड झाला की बोट त्या जोडाकडेच जाते.

२. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुणे. जोराचे पाणी सेन्सरच्या जोडांत आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते. साध्या नळीने धुवा.

३. मर्यादेबाहेर ओझे. दोन माणसे, वर खताचे पोते आणि दोन किटल्या ही बैलगाडीची भरती झाली. किती वजन चालते ते पुस्तिकेत दिलेले असते.

४. बाहेरच्या मिस्त्रीकडून इंजिन खोलणे. पंक्चर, हवा, चेन ताणणे गावात करा. इंजिनाचा नट मात्र पाच वर्षे अधिकृत ठिकाणीच सुटला पाहिजे.

५. टाकीत पाणी जाणे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याच उसापासूनही ते होते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी वाढले की ते पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते. पावसाळ्यात गाडी छपराखाली लावा आणि टाकीच्या झाकणाचे रबर तपासा.

उंदराने वायर कुरतडली तर तेही वॉरंटीत येत नाही, बरं का. गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी लावू नका.

घरी करण्याचे काम थोडेच आहे. दर आठवड्याला हवा आणि ऑईलची पातळी पाहा. दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल द्या. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ फार उडते, तेव्हा एअर फिल्टर लवकर तपासून घ्या. कागदी फिल्टर मात्र धुऊ नका आणि हवेने फुंकू नका, खराब झाला की बदला.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

अ) शोरूमची किंमत, रस्ताकर, नोंदणी आणि विमा यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्या म्हणावे. 'हँडलिंग' किंवा 'इतर' अशी रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारा आणि तिची पावती मागा.

आ) विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. दुसरीकडचा दर काढून तुलना करा.

इ) वॉरंटी किती वर्षे, किती किलोमीटर? ती सगळी मूळ किमतीत आहे, की शेवटची वर्षे जादा पैशाची? जादा पैशाच्या मुदतीत कोणकोणते भाग येतात?

ई) वार्षिक देखभाल करार घ्या म्हणतील. त्यात किती खेपा आणि किती मजुरी माफ, ते पाहा. वरच्या हिशेबाने वर्षाची मजुरी करासह १,८८८ रुपये होते. ऑईल धरलेले नसेल आणि करार याहून महाग असेल, तर तो घेऊ नका.

उ) जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? दोन हजारांनी स्वस्त गाडी घेतली आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला दिवस मोडून पुण्याला जावे लागले, तर ती स्वस्त कसली?

तक्रार करायची वेळ आली तर

गाडी दुरुस्तीला देताना जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहायला लावा आणि प्रत घ्या. तोंडी बोलण्याला पुढे किंमत राहत नाही. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. दूध घालून पोट भरणाऱ्याला "तुमचा वापर धंद्याचा आहे" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरली जात नाही.

त्या कांदेवाल्या शेतकऱ्याने आता काय केले आहे ठाऊक आहे? सर्व्हिसिंगची पुस्तिका, विम्याचा कागद आणि सगळ्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या शेजारी ठेवल्या आहेत. दिनदर्शिकेवरच्या लाल खुणांची जबाबदारी सूनबाईंकडे दिली आहे. त्यांनी सांगितले की गाडी निघते, मग रानात काहीही चाललेले असो.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढे एक काम करा. पुस्तिका शोधा, शेवटचा शिक्का कधीचा आहे ते पाहा आणि पुढची तारीख लिहून ठेवा.