हबसाणच्या खाड्या

मुरूडजवळच्या अगरदांड्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिघी दिसते. मध्ये राजपुरीची खाडी. जंगरवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवली की थोड्या वेळात श्रीवर्धनचा रस्ता लागतो. जंगर बंद असेल, तर डोंगरातून खाडीला लांबचा वळसा. मुरूडचं दळणवळण असं कायम पाण्याच्या मर्जीवर चाललं.

हा मुलूख म्हणजे हबसाण. हबश, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या भागातून आलेल्या सिद्दींचं हे जंजिरा संस्थान. उत्तरेला कुंडलिका, दक्षिणेला बाणकोटची खाडी, आणि राजपुरीच्या खाडीनं राज्याचेच दोन भाग केलेले: अलीकडे मुरूड, पलीकडे म्हसळा आणि श्रीवर्धन. १८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं, तेव्हापासून कुंडलिकेच्या उत्तरेला इंग्रजांचा अंमल आणि दक्षिणेला सिद्दी नवाबाचा.

मुंबईला जायचं तर आगबोट. ती किनाऱ्यापासून लांब उभी राही. उतारू आणि सामान होड्यांतून ने-आण होई. पावसाळ्यात मुरूडची ही बोटही बंद. रेवसची मात्र चाले. भर पावसात, १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ती तारीख अजून सांगितली जाते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, हद्द पुसली गेली. खाड्या मात्र होत्या तिथेच होत्या. कुंडलिकेवर रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये पूल व्हायला १९८० चं दशक उजाडलं. तोवर आगबोटींचा जमाना सरत आला होता. पुढे कोकण रेल्वे आली, ती रोहा-माणगाववरून. मुरूडला तिची शिट्टीही ऐकू येत नाही. मार्च २०२० मध्ये मुंबईहून मांडव्यापर्यंत गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मांडव्यापासून मुरूडची वाट पुन्हा रस्त्याचीच.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या निमित्तानं खाड्यांवर नवे पूल उभे राहायचे आहेत. आजाऱ्याला रात्री-अपरात्री पलीकडे न्यायचं असतं, म्हणून ते लवकर व्हावेत. पण पुलापर्यंत पोचायला गाडी लागते. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण धक्क्यावरूनच पलीकडे जाते. पुलाच्या आनंदात तिची बोट बंद पडू देऊ नये. पूल व्हायला किती वर्षं लागली आणि आगबोटी कशा सरल्या, हे या किनाऱ्यानं पाहिलेलं आहे.